साधी सर्दी

पिवळ्या स्वेटरातली अल्फिया
आज नाक घेऊन आली.
नाक तसं रोजच असतं,
आज ते आधी आलं, मागून ती.

मी पदरानं पुसलं.
रुमाल सापडेपर्यंत शेंबूड थांबत नाही.
पुसता पुसता मनात मोजलं,
आज सोमवार.
म्हणजे गुरुवारी रात्री मला.

सावळजच्या अंगणवाडीत तेवीस पोरं.
एकाला शिंक आली की
खिचडीच्या आधी तीच सगळ्यांना वाढून होते.
पोरं दोन दिवस सूं-सूं करतात,
तिसऱ्या दिवशी पुन्हा चिंचेखाली.
माझ्याकडे ती मुक्कामाला येते, बोचकं घेऊन.
नाकात बसत नाही, थेट खाली उतरते,
आणि छातीत कुणीतरी रात्रभर
तेल न घातलेलं दार
उघडत राहतं, लावत राहतं.

मिरजेच्या डॉक्टर मगदूमांनी
पाठकोऱ्या कागदावर उलटं झाड काढलं होतं.
"ह्या फांद्या. तुमच्या आतून आधीच सुजलेल्या.
सर्दी सगळ्यांची तीच असते, बाई,
वाट तुमची अरुंद आहे."
मग चष्म्यावरून बघत,
"रोजचा पंप रोज घेता ना?
बरं वाटतं तेव्हासुद्धा?"
मी हो म्हणाले.
पंप फडताळात होता, तूरडाळीच्या डब्यामागे,
बरं वाटतं म्हणून ठेवलेला.

माघ सरत आला की
पलीकडच्या शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी देतात.
सोनेरी बेदाण्याला भाव चांगला मिळतो.
वारा इकडचा असला की
मी खिडकी लावून घेते, बोलत काही नाही.
त्या शेडवर माझ्या अर्ध्या पोरांच्या आया
जाळ्यांवर द्राक्षं पसरत असतात.

मोठ्या साथीच्या वर्षी
गल्लीनं मला आधीच मोजून टाकलं होतं.
"बाईंची छाती तसली. बाई काय टिकत न्हाईत."
मी वही घेऊन दारोदार हिंडत होते,
ताप किती, खोकला किती, घरात माणसं किती.
शिदू पैलवानाच्या बोटाला चिमटा लावला.
बोट कसलं, मुसळच ते.
आकडा चौऱ्याऐंशी.
तो हसला, "मशीन बिघडलंय बाई,
तुमचं घाला बघू."
माझा सत्त्याण्णव.

आम्ही दोघं जरा वेळ
त्या लाल आकड्याकडे बघत राहिलो.

त्याला सांगलीला नेलं.
तेरा दिवसांनी गाडी परत आली,
तो आला नाही.

त्याची आई मला अजून रस्त्यात थांबवते.
बोलत काही नाही.
जवळ उभी राहून माझा श्वास ऐकते
आणि पुढे जाते.

हे असं कसं, मी डॉक्टरांना विचारलं.
ते बराच वेळ पेनाचं टोपण फिरवत बसले.
"त्या विषाणूला तुमची छाती
फारशी पसंत पडली नसावी.
नक्की सांगता येत नाही, माझ्यासारख्याला तर नाहीच.
पण ही साधी सर्दी, हिला ती फार आवडते.
हिला जपा."

त्या दिवशी एसटीतून उतरले
आणि पंप डाळीच्या मागून काढून
देव्हाऱ्याशेजारी ठेवला.
दात घासले की दोन झुरके, मग चूळ.
बरं वाटतं तेव्हासुद्धा.
सात आठवडे झाले.

गुरुवारी उशा रचून बसले,
निळा पंप मुठीत, दिवा चालू.
बारा वाजले. दीड वाजला.
नाक गळत होतं भरपूर,
घसा काट्यांचा.
खाली छातीत मात्र
नुकतंच शीळ शिकणारं एखादं पोर,
जमेल न जमेल असं.
कधी झोपले, कळलं नाही.

सकाळी पोरं गोल करून बसवली.
अल्फिया उठून समोर आली,
माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली,
"बाई, तुमचं आलंय."
आणि स्वेटरच्या बाहीनं
माझं नाक पुसलं.
त्या बाहीवर
आधीचंच बरंच होतं.